प्रश्न वाचकांचे : पडक्या वाचनालयात गवंडीकाम शिकता येईल का?

गावातील पडीक वाचनालये, समाजमंदिरे आणि शाळांच्या जुन्या खोल्या तरुणांच्या हातून दुरुस्त करून घ्याव्यात आणि त्याच कामात त्यांना बांधकामाचे कसब शिकवावे, या विचाराने लिहिलेली अनेक पत्रे मराठवाड्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आली. त्यांपैकी काही पत्रे संक्षिप्त करून येथे दिली आहेत. उत्तरे बांधकाम-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका स्थापत्य अभियंत्याने लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्या गावात वाचनालयाची तीन खणांची जुनी माळवदी, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेली इमारत आहे. भिंती काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या आहेत. पावसाळ्यात छत गळते आणि मागच्या भिंतीला पोट आले आहे. बारावी होऊन घरी बसलेली दहा-बारा मुले गावात आहेत. एका जाणत्या गवंड्याच्या हाताखाली त्यांनीच ही इमारत दुरुस्त करावी आणि काम शिकावे, असा माझा विचार आहे. परंतु ज्यांना विचारावे ते ‘पाडा आणि पत्र्याचा हॉल बांधा’ असे सांगतात. सुरुवात कोठून करावी?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, औसा तालुका, जि. लातूर

उत्तर : गुरुजी, पाडण्याचा सल्ला आपण घाईने स्वीकारला नाही हे फार चांगले झाले. नवी भिंत उभारताना मुलांना वीट कशी लावायची ते समजते. जुनी भिंत दुरुस्त करताना मात्र ती का बिघडली, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि तो सोडवण्याची सवय ज्याला लागली तो पुढे नवे बांधकामही अधिक जबाबदारीने करतो. म्हणून शिकण्यासाठी दुरुस्तीचे काम नव्या कामापेक्षा सरस आहे, असे माझे ठाम मत आहे.

तरीही आपल्या तालुक्यात एक गोष्ट डोळ्यांआड करता येणार नाही. किल्लारी औसा तालुक्यातच आहे, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ तीव्रतेच्या भूकंपात जी घरे हजारो माणसांवर कोसळली त्यांतील बहुतेकांची रचना आपल्या वाचनालयासारखीच होती. दगडमातीची जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती आत आणि बाहेर अशा दोन पदरांची असते आणि मधल्या पोकळीत लहान दगड व माती भरलेली असते. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवलेले नसतील, तर धक्का बसताच दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात. त्यावर माळवदावरील मातीचा थर पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊन कित्येक घरांत अर्ध्या मीटरहून जाड झालेला होता, आणि ते सारे वजन झोपलेल्या माणसांवर आले.

आता आपल्या इमारतीकडे या दृष्टीने पाहावे. छताची गळती आणि भिंतीचे पोट या दोन वेगळ्या तक्रारी नसण्याची शक्यता मोठी आहे. छतातून मुरलेले पाणी भिंतीच्या पोटातील माती वाहून नेते, सुटलेले लहान दगड खाली बसतात आणि पाचरीसारखे बाहेरच्या पदराला ढकलू लागतात. हा संबंध मुलांनी स्वतः शोधून काढावा, अशी आखणी आपण करावी. पहिले काही दिवस कोणाच्याही हाती पहार देऊ नये. मुलांनी इमारतीची मापे घ्यावीत, जमिनीचा नकाशा आणि प्रत्येक भिंतीचे चित्र कागदावर काढावे, प्रत्येक भेग, ओल आणि लोणा लागलेली जागा त्यात नोंदवावी, आणि ओळंबा सोडून मागची भिंत कोणत्या उंचीवर किती बाहेर आली आहे ते लिहावे. मोठ्या भेगांवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने चिकटवावीत आणि शेजारी तारीख लिहावी. काही आठवड्यांत काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे असे समजावे. औशाकडच्या काळ्या जमिनीत पाया असेल तर ही नोंद विशेष महत्त्वाची ठरते, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यामुळे पडणाऱ्या भेगा ऋतूप्रमाणे उघडतात व मिटतात. अशी भेग सिमेंटने कितीही बुजवली तरी ती पुन्हा पडते. तिचा खरा उपाय इमारतीभोवतीचे पाणी दूर नेणारी गटार आणि भिंतीलगत उताराची फरसबंदी हा असतो.

हे कागद हातात आल्यावर अभियंत्याला बोलवावे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या शाखा अभियंत्याचे मत तर हवेच, पण त्याबरोबर लातूरच्या पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेतील स्थापत्य विभागालाही पत्र लिहावे. मुलांनी काढलेली चित्रे समोर असतील, तर अभियंत्याचा वेळ वाचतो आणि त्याचे बोलणे मुलांनाही समजते. इमारत ठेवायची की उतरवायची, हा निर्णय त्याचाच असावा. मागची भिंत वाचण्यापलीकडे गेली आहे असे त्याचे मत पडले, तर ती दगडाला दगड मोजून उतरवणे आणि त्याच दगडांनी पुन्हा बांधणे, हाही शिकण्याचा उत्तम भाग आहे.

दुरुस्ती करण्याचे ठरले तर क्रम चुकवू नये. प्रथम तुळयांना खालून भक्कम टेकू द्यावेत. त्यानंतर माळवदावरील जादा माती सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात उतरवावी, म्हणजे भार एकीकडे झुकणार नाही. कुजलेले लाकूड बदलून छत पाणबंद झाल्याशिवाय भिंतीला हात लावू नये. भिंतीचे दोन पदर बांधण्यासाठी भारतीय मानकांनी सांगितलेली साधी रीत अशी आहे की उंचीत सुमारे ६० सेंटिमीटरवर आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर आरपार दगड असावा. जुन्या भिंतीत तो नसेल तर त्या ठिकाणचे दगड हाताने हलकेच काढून आरपार भोक करतात आणि त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरतात. घण किंवा ड्रिल वापरून भोक पाडू नये, कारण त्या हादऱ्याने उरलेली भिंत सैल होते. हे काम अभियंत्याच्या देखरेखीखाली गवंड्याने करावे आणि मुलांनी शेजारी उभे राहून शिकावे. माती चाळणे, दगडांमधील दरजा (सांधे) भरणे, फरशी बसवणे, दारे-खिडक्या घासून रंगवणे, गटार काढणे ही कामे मात्र त्यांनी पूर्णपणे स्वतः करावीत.

एक विनंती आवर्जून करतो. दगडमातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवू नये. भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट त्याने बंद होते, आत माती सैल होत राहते, आणि वरून सारे ठीक दिसत असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. अशा भिंतीला चुन्याच्या दरजा आणि चुन्याचा किंवा मातीचा गिलावाच मानवतो. चुना भिजवून, मुरवून, मळून वापरण्याची रीत आजही जाणणारी वयस्क माणसे आपल्या भागात आहेत. त्यांना मानाने बोलवावे आणि मानधनही द्यावे. छत उघडण्याचे काम दिवाळीनंतरच सुरू करावे.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीला समाजमंदिराची दुरुस्ती करायची आहे. निधी मोजकाच आहे. मुले काम शिकणार आहेत, म्हणून मजुरी न देता श्रमदान म्हणून त्यांच्याकडून काम करून घेतले तर चालेल का? काही अपघात घडला तर जबाबदारी कोणाची?
— एक सरपंच, माजलगाव तालुका, जि. बीड

उत्तर : सरपंचताई, आपण हा प्रश्न आधीच विचारलात, याचे मला समाधान वाटते. एका रविवारी सारा गाव मिळून अंगण साफ करतो ते श्रमदान होय. तीच वीस मुले तीन महिने रोज सकाळी येऊन इमारत उभी करत असतील, तर ते काम आहे, आणि त्याचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर किती कुटुंबे ऊसतोडीला जातात हे आपण जाणता. ज्या घरातील मुलगा उचल घेऊन निघणार आहे त्याला ‘शीक, पण फुकट राब’ असे सांगणे म्हणजे त्याला शिक्षणातून वगळणे होय. विनामोबदला कामावर ज्यांच्या घरी शेत आणि पगार दोन्ही आहेत अशीच मुले टिकतील, आणि ज्यांच्यासाठी हे कसब पोटाचा आधार ठरणार होते ती कारखान्याच्या फडात असतील.

म्हणून अंदाजपत्रकातच चार रकमा वेगळ्या दाखवाव्यात : साहित्य, शिकवणाऱ्या मिस्त्रीची मजुरी, शिकणाऱ्यांचे विद्यावेतन, आणि अवजारे व सुरक्षेची साधने. मिस्त्रीला नेहमीच्या मजुरीपेक्षा थोडे अधिक द्यावे, कारण शिकवताना त्याचे काम निम्म्या वेगाने होते आणि तो तोटा त्याने स्वतःच्या खिशातून भरावा अशी अपेक्षा करणे योग्य नाही. निधी कमी पडत असेल तर कामाचे टप्पे करावेत आणि या वर्षी फक्त छत व शौचालय घ्यावे, पण विद्यावेतनाच्या रकमेला कात्री लावू नये. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात १९७८ मध्ये तरुणांनी पडीक इमारत दुरुस्त करण्यापासून सुरू झालेला आणि पुढे यूथबिल्ड या नावाने ओळखला गेलेला उपक्रम आज अनेक देशांत पोहोचला आहे. त्यात तरुणांचा काही वेळ बांधकामावर आणि काही वेळ अपुरे राहिलेले शालेय शिक्षण पूर्ण करण्यात जातो. आपल्याकडे दहावीत गणितात अडकलेली मुले याच उपक्रमात सायंकाळी बसू शकतील. ज्या मुलाने सकाळी खोलीचे क्षेत्रफळ काढून फरश्या मागवल्या आहेत त्याला सायंकाळचे गणित तितके परके वाटत नाही.

कागदांविषयी थोडक्यात सांगतो. इमारत ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत आहे याची खात्री करावी, काम गावाच्या विकास आराखड्यात घ्यावे, ग्रामसभेचा ठराव करावा आणि अंदाजपत्रकावर अभियंत्याची तांत्रिक मंजुरी घ्यावी. त्याच ठरावात दुरुस्तीनंतर समाजमंदिराची किल्ली कोणाकडे राहील, सकाळी अभ्यासिका चालेल की नाही आणि वीजबिल कोण भरेल, हेही लिहावे. ज्या वस्तीत समाजमंदिर आहे तेथील रहिवाशांना विचारल्याशिवाय आराखडा करू नये, आणि शिकणाऱ्यांत त्या वस्तीतील मुलांना पहिली जागा द्यावी. त्यांच्या दारातील इमारत इतरांनी येऊन सुधारून दिली, असे कोणालाही वाटता कामा नये.

अपघाताविषयी मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. १४ वर्षांखालील मुलाला कामाला लावणे कायद्याने बंद आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. माझा सल्ला त्याहून कडक आहे : १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच कामाच्या जागेवर घ्यावे आणि धाकट्यांना मोजणी, चित्रे, झाडे लावणे एवढ्यापुरतेच बोलवावे. प्रत्येकाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा उतरवावा. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण १८ ते ७० वयोगटाला मिळते, आणि बँक खाते असले की पुरते. हेल्मेट, हातमोजे आणि बंद बूट सर्वांना द्यावेत. परांची मिस्त्रीने तपासल्याशिवाय कोणी वर चढू नये. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर पाय ठेवू नये, कारण ते अचानक फुटतात. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्यामुळे ते कापू, घासू किंवा फोडूही नयेत, तर भिजवून सबंध उतरवावेत. विजेचे काम परवानाधारक तारतंत्र्याकडेच द्यावे आणि तोडफोड सुरू करण्यापूर्वी इमारतीचा वीजपुरवठा महावितरणकडून बंद करून घ्यावा. एवढे करूनही अपघात घडलाच, तर काम काढणारी संस्था म्हणून ग्रामपंचायत जबाबदारी झटकू शकत नाही, हे ठराव करताना सर्व सदस्यांना स्पष्ट सांगावे.

प्रश्न : माझी आई बांधकामावर बिगारी आहे. मी वीस वर्षांची आहे. आमच्या गावात शाळेची जुनी खोली दुरुस्त करण्याचे शिबिर सुरू झाले तेव्हा मीही नाव दिले. परंतु मुलांच्या हातात थापी आणि ओळंबा दिला जातो, आणि आम्हा तिघी मुलींना घमेली उचलायला व पाणी मारायला सांगतात. मिस्त्रीकाका वाईट नाहीत, पण ‘पोरींना गवंडीकाम जमत नाही’ असे म्हणतात. मी काय करावे?
— एक वाचक, परतूर तालुका, जि. जालना

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. मराठवाड्यातील कोणत्याही बांधकामावर गेले तरी बायका डोक्यावर घमेले घेऊन दिसतात. त्यांतील कित्येकींनी उभे आयुष्य या कामात घालवलेले असते, आणि तरीही त्या बिगारीच राहतात, गवंडी होत नाहीत. त्याच कामावर नंतर आलेला मुलगा काही वर्षांत थापी हाती घेतो आणि त्यांच्याहून अधिक मजुरी कमावू लागतो. याला शरीराच्या ताकदीचे कारण दिले जाते, पण ते टिकत नाही. गवंड्याच्या दिवसात सर्वांत जड काम ओझे वाहण्याचे असते आणि ते तर बायकाच करतात. ओळंबा पाहणे, दोरी धरणे, वीट बसवणे, गिलावा पाट्याने ओढणे, फरशी समतल करणे यांना डोळा, मनगट आणि धीर लागतो.

या प्रदेशाला याचा पुरावा बाहेरून आणावा लागत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण सुरू झाले, तेव्हा गावोगावच्या महिला संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. भूकंपाला टिकणारे घर कसे असते, शासनाची मदत कशी मिळते आणि आपले काम नीट होते आहे की नाही हे कसे ओळखावे, हे त्यांनी घराघरांत समजावून सांगितले. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्या कामातूनच मोठी झाली. ज्यांना त्याआधी घराच्या आराखड्याविषयी कोणी विचारलेही नव्हते, त्या स्त्रिया ठेकेदाराला प्रश्न विचारू लागल्या.

आता तुम्ही काय करावे ते सांगतो. भांडण काढण्याआधी तिघींनी मिळून शिबिर चालवणाऱ्यांकडे एक लेखी मागणी द्यावी : रोजच्या कामाचा तक्ता भिंतीवर लावावा आणि प्रत्येक शिकणाऱ्याला, मुलगा असो वा मुलगी, घमेले, कालवणी, बांधणी, गिलावा आणि पाणी मारणे ही कामे पाळीपाळीने मिळावीत. मुलांनीही घमेले उचललेच पाहिजे. मिस्त्रीकाकांशी बोलताना ‘आम्हाला एक भिंत पूर्ण द्या, आम्ही बांधतो, तुम्ही ओळंबा लावून तपासा’ असे मागावे. त्यांच्या मनातली शंका तोंडी वादाने जाणार नाही, पण एक इंचही न झुकलेली भिंत समोर असली की त्यांना दुसरे काही म्हणता येणार नाही. शिबिराच्या जागेवर मुलींसाठी शौचालयाची सोय नसेल, तर त्याच खोलीच्या दुरुस्तीत पहिले काम शौचालयाचे घ्यावे, अशीही मागणी करावी, कारण ती सोय नसल्यानेच अनेक मुली आठवड्याभरात शिबिर सोडतात.

आणखी एक सुचवतो. तुमच्या आईला शिबिरात घेऊन जा. माल कालवताना पाणी किती झाले की तो सैल पडतो, हे त्यांना नजरेने कळत असेल. शिबिर फक्त तरुणांसाठी आहे असे सांगून कोणी त्यांना अडवले, तर शिबिराच्या आयोजकांना मला पत्र लिहायला सांगा. ज्या बाईने या कामात निम्मे आयुष्य काढले तिला थापी शिकण्याचा पहिला हक्क आहे.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर जुनी बारव आहे. तिच्या पायऱ्या खचल्या आहेत. तरुण मंडळाने सिमेंटने ती दुरुस्त करावी का?
— एक वाचक, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : सिमेंट अजिबात लावू नये. प्रथम ती बारव संरक्षित स्मारक आहे किंवा कसे, याची पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करावी. केंद्र शासनाच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. बारव संरक्षित नसली तरी गाळ व झुडपे काढणे, पायऱ्यांची मापे व छायाचित्रे घेणे, निसटलेला प्रत्येक दगड क्रमांक घालून बाजूला ठेवणे एवढेच तरुणांनी करावे. आपल्याच जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूर येथे गावकऱ्यांनी गाळ उपसून चक्राकार पायऱ्यांची बारव मोकळी केली, ती मुलांना अवश्य दाखवावी. झाडांची मुळे उपटू नयेत. ती दगडांत शिरलेली असल्यास ओढताना सारी पायरी सुटते. दगड पुन्हा बसवण्याचे काम अशा बांधणीची जाण असलेल्या वास्तुसंवर्धकाच्या सल्ल्यानेच करावे.

प्रश्न : मी गवंडी आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलो. आता गावातील सभागृहाच्या कामावर मला पंधरा मुलांना शिकवायला सांगितले आहे. मला काम येते, पण सांगता येत नाही. मुले मोबाइलवर बघून मलाच शिकवतात. दुसरी अडचण पाण्याची आहे. मार्चनंतर आमच्याकडे टँकर सुरू होतो.
— एक वाचक, लोहा तालुका, जि. नांदेड

उत्तर : मिस्त्री, सांगता येत नाही याची चिंता करू नका. आपण करून दाखवा, मग मुलाला करू द्या, आणि तो करत असताना मध्ये हात घालू नका. चुकीची भिंत त्यानेच मोजावी, त्यानेच उतरवावी आणि पुन्हा बांधावी. त्यासाठी सभागृहाच्या मागे सरावाची एक भिंत मातीच्या मालात बांधायला ठेवावी, म्हणजे विटा वाया जात नाहीत आणि तीच भिंत पुन्हा पुन्हा बांधता येते. पंधरा मुले एका मिस्त्रीला जास्त होतात. निदान आणखी एक गवंडी मागून घ्या.

मुलांचे पुस्तकी ज्ञान आपल्या उपयोगाचे आहे, त्याला परतवून लावू नका. आपण दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून काटकोन धरता, तोच प्रमेय त्यांनी शाळेत पाठ केलेला असतो. तो जमिनीवर उतरलेला त्यांनी कधी पाहिलेला नसतो. पारदर्शक नळीत पाणी भरून सभागृहाच्या चारही कोपऱ्यांवर एकच पातळी आखायला लावा, नळीत बुडबुडा राहिला की खूण का चुकते ते त्यांनाच विचारा. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर की शाळेत न रमणारी मुलेही हाताने काम करताना विज्ञान शिकतात. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत गेला, आणि त्यातील मुले शिकता शिकता गावाची कामे करून देत असत.

मालाच्या मापाविषयी मात्र जुनी सवय बदलावी लागेल. घमेल्याने मोजलेला माल कधीच सारखा येत नाही, कारण एक घमेले शिगोशीग असते आणि दुसरे अर्धे. ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ उंच अशी लाकडी पेटी मुलांकडून करून घ्या. तिच्यात ३५ लिटर माल मावतो, म्हणजे सिमेंटची एक पूर्ण गोणी. एका गोणीला वाळूच्या दीड आणि खडीच्या तीन पेट्या घातल्या की एम-२० प्रतीच्या काँक्रीटचे प्रमाण होते. वाळू दमट असेल तर ती फुगलेली असते आणि पेटीत प्रत्यक्षात कमी बसते, हे मुलांना दाखवा. पाणी गोणीमागे २५ ते ३० लिटरच्या वर जाऊ देऊ नये. माल ओढायला सोपा जावा म्हणून वरून बादली ओतणे ही आपल्याकडची सर्वांत महाग पडणारी खोड आहे. ते जादा पाणी नंतर उडून जाते आणि मागे छिद्रे ठेवते. सिमेंटचा माल कालवल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरून संपवावा, आणि आवळलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा मळू नये.

पाण्याच्या अडचणीचे उत्तर वेळापत्रकात आहे. काँक्रीट आणि गिलाव्याची कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उरकावीत आणि मार्चनंतर सुतारकाम, रंग, दारे-खिडक्या असे कमी पाण्याचे काम ठेवावे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओल लागते. बाजारात मिळणाऱ्या पीपीसी गोण्या दुसऱ्या प्रकारच्या असतात, त्यामुळे सात दिवसांवर थांबू नये. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवावे, खांबांना गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिकचा कागद बांधावा, म्हणजे दिवसातून चारदा नळी मारण्याच्या तुलनेत फार थोड्या पाण्यात काम होते. एप्रिल-मेमध्ये स्लॅब घालण्याचा आग्रह कोणी धरला, तर पाणी कोठून येणार हे आधी लिहून मागावे. गावाला पिण्याच्या पाण्याचा टँकर येत असताना त्या पाण्यावर स्लॅब पिकवणे मला मान्य नाही, आणि अर्धवट ओलीवर तो सोडून देणेही मान्य नाही.

प्रश्न : आम्ही आठ जणांनी गावातील व्यायामशाळेची दुरुस्ती पूर्ण केली. काम आले, पण हातात कागद काहीच नाही. पुण्याला जाऊन मजूर कामासाठी जमतात त्या ठिय्यावर उभे राहायचे का?
— एक वाचक, कळंब तालुका, जि. धाराशिव

उत्तर : पुण्याला जायचे की नाही हा तुमचा निर्णय आहे, पण जाण्याआधी काही गोष्टी गावातच करून घ्या. आठही जणांनी मिळून कामाची एक वही तयार करा. दुरुस्तीआधीची आणि नंतरची छायाचित्रे, मापे, वापरलेले साहित्य, कोणी कोणते काम केले त्याची नोंद आणि शिकवणाऱ्या मिस्त्रीची व ग्रामपंचायतीची सही त्यात असावी. ही वही शासकीय प्रमाणपत्र नव्हे, पण पुढचे काम मागताना तोंडी सांगण्यापेक्षा ती कितीतरी उपयोगी पडते.

प्रमाणपत्रासाठी दोन वाटा आहेत. कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात तिची चौकशी करावी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण असते, ज्यात प्रत्यक्ष घरकुल बांधत शिकवले जाते; आपल्या पंचायत समितीत त्याची तुकडी निघते का ते विचारावे. ज्यांना विजेचे किंवा नळाचे काम आवडले त्यांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जावे. तेथे प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा आहे. बांधकाम समजलेला इलेक्ट्रिशियन चांगल्या भिंतीत वेड्यावाकड्या खाचा पाडत नाही, म्हणून तुमच्यापैकी दोघांनी तरी तिकडे जावे असे मला वाटते.

१८ ते ६० वयाच्या ज्या कामगाराने मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केले आहे त्याला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ग्रामीण भागात ९० दिवसांचा दाखला ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) देऊ शकतात. व्यायामशाळेच्या कामावर तुम्हाला मजुरी मिळाली असेल आणि हजेरीपत्रक असेल, तर त्याची प्रत आजच मागून ठेवा. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली असून तिच्या १८ व्यवसायांत राजमिस्त्री आणि सुतार आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत तिच्यात आहे. मात्र ती आधीपासून स्वतःच्या हाताने तो व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे घरी वडील किंवा भाऊ हेच काम करत असतील तर अर्ज कोणी करावा ते आधी घरात ठरवा. नोंदणी चालू आहे का, हे सीएससी म्हणजे सामान्य सेवा केंद्रात कळेल.

आणि ठिय्यावर एकेकट्याने उभे राहण्याआधी आठ जणांची टोळी म्हणून तालुक्यातच कामे मागून पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या किरकोळ दुरुस्त्या, गळणारी छते, तुंबलेली गटारे, मोडकी शौचालये ही कामे मोठ्या ठेकेदाराला परवडत नाहीत म्हणून वर्षानुवर्षे पडून राहतात. कळंब तालुक्यातील मुख्याध्यापकांना तुमची वही घेऊन भेटा, आणि पहिल्या दोन-तीन कामांचे अंदाजपत्रक करताना शाखा अभियंत्याकडून ते तपासून घ्या.